तिसऱ्या दिवसाची गोष्ट

कपिलने रिमोटचं बटण तिसऱ्यांदा दाबलं, तेव्हा कुठे पडद्याखालची जर्मन अक्षरं गेली. तो सोफ्यावर मागे टेकला. आता टीव्हीवर नुसती एक दुमजली बस होती. बसमधली सगळी माणसं खिडक्यांतून डोकी बाहेर काढून गात होती आणि कंडक्टर जिन्याच्या दांडीला एका हाताने लोंबकळत टोपी उडवत होता. चित्रपट काळा-पांढरा, इंग्लंडचा, सत्तर वर्षांपूर्वीचा. अक्षरं गेली, पण इंग्रजी बोलणं कानावर पडत होतंच, आणि कानावर पडलेलं न समजण्याचं बटण रिमोटवर नव्हतं.

शनिवारची सकाळ होती. बायको मैथिली, नऊ वर्षांची मुक्ता आणि भारतातून आलेली आई, अशा तिघी आठवड्याच्या बाजाराला गेल्या होत्या. त्या येण्याआधी एकदा बघून घ्यावा, डिस्क नीट चालते ना एवढं तपासावं, म्हणून कपिल बसला होता. काहीही दुसऱ्याला देण्याआधी तपासून द्यायचं, हा त्याचा धंद्यातला स्वभाव. जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या गाड्यांच्या कारखान्यात तो दारांच्या रबरी पट्ट्या तपासायचा. बंद गाडीवर तासभर कृत्रिम पाऊस पाडायचा आणि मग आत एक थेंब तरी आलाय का ते हात फिरवून बघायचं, हे त्याचं काम. अकरा वर्षं तो पाऊस बाहेर ठेवण्याचा पगार घेत होता.

आणि आज त्याला वाटत होतं, तपासलं नसतं तर बरं झालं असतं.

गोष्ट अशी होती, की ही गोष्ट त्याला पाठ होती. चित्रपट त्याने जन्मात पाहिला नव्हता, पण लहानपणी कोरेगावच्या त्या दोन खोल्यांत आई त्याला झोपवताना हीच सांगायची. त्याचे वडील, आत्माराम, ज्यांना तो अण्णा म्हणायचा, ते लग्नाआधी फिरत्या तंबूतल्या सिनेमावर कामाला होते. इंग्रजी सिनेमा लागला की कुणाला ओ का ठो कळायचं नाही. मग पडद्याच्या कडेला एक माणूस माइक घेऊन उभा राहायचा आणि चाललंय काय ते मराठीत सांगायचा. तो माणूस म्हणजे अण्णा. पुढे ते बाजार समितीत कारकून झाले आणि जन्मभर कारकूनच राहिले, पण आईच्या बोलण्यात मात्र ते कायम "इंग्रजी सिनेमे सांगायचे" असेच होते.

आईची गोष्ट साधी होती. विलायतेत एक मुलगी असते, लोकांचे कपडे धुऊन इस्त्री करणारी. रोज एकाच बसने जाते. त्या बसचा कंडक्टर गाणी म्हणतो, सगळ्या गावाशी गप्पा मारतो, पण ती चढली की त्याच्या तोंडाला कुलूप. मग तो गातो कसा, असं छोट्या कपिलने विचारलं होतं. आई म्हणाली होती, "तो गातो ते मनातल्या मनात. बाकीच्यांना ऐकू जात नाही." एकदा मुलगी बसमध्ये छत्री विसरते. कंडक्टर ती जपून ठेवतो, रोज बरोबर आणतो, पण द्यायचा धीर होत नाही. तेवढ्यात एक म्हातारा सरदार मुलीला मागणी घालतो. कंडक्टर काय समजायचं ते समजतो, छत्री तिच्या दाराशी ठेवतो आणि मुकाट निघून जातो. आणि मग एका दिवशी, आभाळ निरभ्र, लख्ख ऊन, पावसाचा मागमूस नाही, आणि ती मुलगी छत्री घेऊन बसमध्ये चढते. बाकावर जरा सरकून जागा करते.

"मग कंडक्टरला कळलं," आई म्हणायची.

"काय कळलं?"

"कळलं म्हणजे कळलं. झोप आता."

बाहेरच्या खोलीत अण्णा उगीचच खाकरायचे.

अण्णांना जाऊन तीन वर्षं झाली होती. कपिलने हा चित्रपट शोधायला घेतला तो त्यानंतर. नाव माहीत नाही, नट माहीत नाहीत, फक्त बस, कंडक्टर आणि छत्री. कारखान्यातला डीटर नावाचा सहकारी जुन्या चित्रपटांचा नादिष्ट होता, दर महिन्याला म्युनिकच्या फ्लोमार्क्टमध्ये, म्हणजे जुन्या वस्तूंच्या बाजारात, हिंडायचा. त्याच्या कानावर कपिलने हे घातलं आणि विसरूनही गेला. परवा डीटरने कँटीनमध्ये त्याच्यासमोर एक डीव्हीडी ठेवली. वेष्टनावर बसच्या पायरीवर उभा टोपीवाला आणि उघडी छत्री घेतलेली मुलगी. कपिलला जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला.

तो आनंद आता सव्वा तासात पार ओसरला होता. कारण पडद्यावर भलतंच चाललं होतं. हा कंडक्टर मुलगी दिसली की गप्प होत नव्हता, उलट त्याला चेव येत होता. तोंडाची टकळी थांबतच नव्हती. छत्री त्याने प्रेमाने वगैरे ठेवली नव्हती. छत्रीच्या मुठीत चोरीचा हार होता आणि तो मिळवायला दोन चोर सबंध लंडनभर त्याच्या मागे पळत होते. मुलगी तर म्हाताऱ्या सरदारावर खूश. गिऱ्हाइकांचे धुवायला आलेले झगे घालून ती त्याला भुलवायलाच निघाली होती आणि शेवटी हसत-गात त्याच्याशी लग्न करून मोकळी झाली. शेवटच्या दृश्यात ती छत्री घेऊन बसमध्ये चढली खरी, पण नव्या नवरीच्या पोशाखात. आता मला बग्गी आहे, छत्री तुलाच ठेव, असं ती कंडक्टरला म्हणाली. वरच्या मजल्यावर तिचा सरदार शिंकत होता. बस गात गात निघून गेली.

कपिलने टीव्ही बंद केला. काचेत त्याचं स्वतःचं टक्कल पडू लागलेलं डोकं दिसलं.

अण्णांना इंग्रजी येत नव्हतं तर. एवढं सरळ होतं. चित्रं बघून ते मनाला येईल ते ठोकून देत होते, आणि तंबूभर माणसं माना डोलावत होती. त्याला राग आला आणि रागापाठोपाठ फार वाईट वाटलं. कारण हे आज कळलेलं नव्हतं. चौऱ्याऐंशी साली इंजिनीअरिंगच्या प्रवेशाला अण्णा त्याला घेऊन गेले होते. टेबलामागचे साहेब इंग्रजीत काहीबाही विचारत होते. अण्णा हातात टोपी धरून बसले होते आणि एक शब्द बोलत नव्हते. शेवटी सतरा वर्षांच्या कपिलनेच अडखळत उत्तरं दिली. परतीच्या एसटीत त्याने धीर करून विचारलं होतं, "अण्णा, तुम्हाला इंग्रजी येतं ना?"

"समजतं," अण्णा म्हणाले होते आणि खिडकीबाहेर बघू लागले होते.

त्या एका शब्दावर कपिलने तेव्हा विश्वास ठेवला नव्हता, पण अविश्वासही दाखवला नव्हता. तेवीस वर्षं तो प्रश्न त्याने तसाच बाजूला ठेवला होता. आज त्याचा निकाल लागला होता. त्याचं एक वेळ ठीक होतं, तो सोसून घेईल. पण आईचं काय? सहासष्टाव्या वर्षी तिच्याजवळ नवऱ्याचं म्हणून होतं काय? एक घड्याळ, दोन धोतरजोड्या आणि ही गोष्ट. तीच आपण आपल्या हाताने टीव्हीसमोर बसवून खोटी पाडायची?

जिन्यात आवाज झाले. त्याने डिस्क काढली, वेष्टनात घातली आणि शेल्फवर टॅक्सच्या फायलींमागे सरकवून दिली.

तिघी आत आल्या. आईच्या हातात नेहमीप्रमाणे छत्री होती. काळी, जुनी, लाकडी मुठीची, जिचं कापड निदान तीनदा बदललेलं होतं. ही छत्री तिने सामानात दोरीने बांधून साताऱ्याहून आणली होती. मैथिलीने पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, आई, छत्र्या इथेही मिळतात. त्यावर ती नुसती हसली होती. जून कोरडा ठणठणीत गेला होता, तरी बाहेर पडताना ती छत्री घ्यायची, आणि रोज कपिल म्हणायचा, "आई, बाहेर ऊन आहे," आणि रोज ती म्हणायची, "असू दे."

"बटाटे केवढे गोड आहेत यांचे," आई छत्री खुंटीला लावत म्हणाली. "भाजीत गूळ घालायला नको."

मुक्ता जर्मनमध्ये काहीतरी सांगत आत पळाली. तिचं हे असंच होतं. आजीचं मराठी तिला पुरतं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये. आजीला त्याचं काही वाटत नव्हतं. दोघी आपापल्या भाषेत तास तास बोलत बसायच्या आणि अडत तर कुणाचंच नव्हतं. अडायचं ते फक्त कपिलचं. त्याला ते ऐकून मान खाली घालावीशी वाटायची.

*

रविवारी जेवताना मैथिलीने बोलून टाकलं.

"अरे, आज आईंना दाखवणार होतास ना ते?"

कपिलने तिच्याकडे डोळे मोठे केले. पण ती ताक वाढत होती, तिचं लक्ष नव्हतं.

"काय दाखवणार होता?" आईने विचारलं.

"काही नाही गं. नंतर बघू."

"पापाने बस आणलीय," मुक्ता जर्मनमध्ये म्हणाली. फायलींमागे हात घालायला तिला कुणी शिकवावं लागत नव्हतं. ती उठली आणि डीव्हीडी आणून तिने सरळ आजीच्या ताटाशेजारी ठेवली.

आईने हात धुतला. पदराला पुसला. मग वेष्टन उचलून डोळ्यांजवळ धरलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं.

"अगं बाई," ती म्हणाली, "हा तोच की."

टोपीवाल्या कंडक्टरच्या तोंडावरून तिने अंगठा फिरवला. कपिलला वाटलं, डिस्क खराब आहे असं सांगावं. तोंडापर्यंत आलेलंही होतं. पण आईने वर पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांकडे बघून त्याला ते खोटं बोलवेना.

"कुठे मिळाला रे तुला?"

"मिळाला. आई, पण एक आहे, हे लोक अशा जुन्या सिनेमात खूप काटछाट करतात. इकडचं तिकडे करतात. अण्णा सांगायचे तसंच सगळं असेल असं नाही."

"असू दे," आई म्हणाली.

जेवणाची भांडी तशीच राहिली. आईला सोफ्यावर मधोमध बसवलं, एका बाजूला मुक्ता, दुसऱ्या बाजूला मैथिली. कपिलने आधी ती अक्षरं घालवली. मग आवाज कमी केला. आणखी कमी केला.

"आवाज का बारीक करतोयस?" मैथिलीने विचारलं.

"आई गोष्ट सांगेल की. मुक्ताला ऐकू यायला नको?"

"बरोबर केलंस," आई म्हणाली. "तंबूतही असंच असायचं. हे बोलायला उभे राहिले की मशीनवाला आवाज बारीक करायचा."

कपिल खुर्चीवर बसला. तो टीव्हीकडे कमी आणि आईकडे जास्त बघत होता.

बस आली, माणसं गाऊ लागली आणि आई बोलू लागली. पहिली दोन वाक्यं तिच्या नेहमीच्या आवाजात होती. मग तिचा आवाज खाली उतरला, संथ झाला, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी जरा थांबू लागला. जत्रेत शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायला हवं, म्हणून कुणीतरी बोलायचं, तसा. ही अण्णांची बोलायची पद्धत होती. बाजार समितीतून आल्यावर पेपरातल्या बातम्या ते असेच सांगायचे.

"तर मंडळी, ही मुलगी गरीब, पण मानी," आई म्हणाली. "आणि हा आपला कंडक्टर. आता बघा, ती चढली, आणि हा गार पडला."

पडद्यावर कंडक्टर तोंडाला खळ न पाडता बडबडत होता. मैथिलीने हसू दाबलं.

पंधरा-वीस मिनिटं बरी गेली. छत्री हरवली, चोर पळू लागले. ते चोर नव्हेत, सरदाराने छत्री आणायला पाठवलेली माणसं, असं आईने सांगितलं. ते इतकं चपखल बसलं, की कपिल स्वतःच क्षणभर फसला. पण मुक्ताला इंग्रजी कळत नव्हतं आणि चित्र एक नि गोष्ट एक हे तिच्या लक्षात येऊ लागलं होतं. तिने सोफ्यावरचा रिमोट उचलला आणि बापाला जे करायला तीनदा बटण दाबावं लागलं होतं, ते एका फटक्यात केलं. जर्मन अक्षरं परत आली.

मुक्ता वाचू लागली. आधी मनात, मग पुटपुटत. मग ती आजीकडे वळली.

"नाइन, आजी. श्टिम्ट निश्ट." नाही, हे बरोबर नाही, असं म्हणून तिने भराभर सगळं जर्मनमध्ये सांगून टाकलं. छत्रीत हार आहे. ते चोरच आहेत. आणि ती मुलगी त्या म्हाताऱ्याशी लग्न करणार आहे, तिला तो आवडतो, हे बघ, इथे लिहिलंय.

"मुक्ता, पुरे," कपिल म्हणाला. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज फार वर गेला. मुक्ताचा चेहरा पडला. मैथिलीने त्याच्याकडे पाहिलं. त्याने रिमोट घेऊन चित्र थांबवलं. म्हातारा सरदार शिंकण्याच्या तयारीत तसाच उभा राहिला.

"काय म्हणतेय ती?" आईने विचारलं.

"काही नाही."

"ती मुलगी म्हाताऱ्यालाच करणार, असं म्हणतेय ना?"

कपिलने रिमोट टेबलावर ठेवला.

"आणि छत्रीच्या मुठीत हार आहे." आईने मुक्ताला जवळ ओढलं. "बरोबर आहे तिचं. तू तिच्यावर कशाला ओरडतोस?"

कपिलने विचारलं, "तुला माहीत होतं?"

"न माहीत असायला काय झालं? ह्यांनीच सांगितलं होतं. पहिले दोन दिवस ह्यांनी सिनेमा होता तसाच सांगितला. अगदी शब्दाला शब्द. ती छत्री परत देते, आता मला बग्गी आहे म्हणते, वर तो शिंकतो. लोक पोट धरून हसत होते."

"मग?"

आईने टीव्हीकडे पाहिलं. थांबलेल्या चित्रातून ती कुठेतरी मागे बघत असावी.

"माझ्या माहेरच्या गावची जत्रा होती. पौषातली. आमच्या परसामागच्या शेतातच तंबू ठोकला होता. ह्यांच्या मालकाचा देवाधर्माच्या सिनेमाचा डबा पुण्याहून यायचा होता, तो आलाच नाही. हा एकच इंग्रजी सिनेमा जवळ. मग पाचही दिवस तोच. सिनेमाच्या इंजिनाला थंड राहायला पाणी लागायचं, ते न्यायला हे आमच्या आडावर यायचे. दिवसातून चारदा. घागर भरायची आणि जायचं. बोलणं म्हणाल तर, दोर कुठाय आणि घागर ठेवली, एवढंच. रात्री माइकवर एवढं बोलणारा माणूस, आणि आडावर तोंडातून शब्द फुटायचा नाही."

मैथिली सरसावून बसली.

"दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी न्यायला आले, तेव्हा आमचे वडील कुणाला तरी सांगत होते, पौष संपला की प्रभाचं, म्हणजे माझं लग्न, उरकायचंय, कराडचं स्थळ आहे, बागायत आहे. हे सगळं ह्यांनी ऐकलं. घागर अर्धीच भरून गेले. आता पौषात कुणी मागणी घालायला जात नाही, आणि हे तर तंबूवाले. ह्यांना कोण उभं करणार?" आई जराशी हसली. "तिसऱ्या दिवशी सिनेमा लागला आणि ह्यांनी गोष्टच बदलली. कंडक्टर मुका झाला, म्हातारा बागायतदार झाला. मग सांगितलं, की मंडळी, आता हा कंडक्टर काही विचारणार नाही. त्याला विचारता यायचंच नाही. पण तिच्या मनात असेल, तर ती पाऊस नसताना छत्री घेऊन येईल. तेवढं त्याला पुरे."

खाली रस्त्यावरून एक सायकल गेली.

"लोकांना वाटलं, मालकाने गोष्ट बदलायला लावली, गर्दी टिकावी म्हणून. मालकाला वाटलं, पोरगा चुकला. मला मात्र कळलं. बायकांची बाजू वेगळी असायची, मध्ये कनात. रात्रभर डोळा लागला नाही." तिने मुक्ताच्या केसांतली पिन नीट केली. "चौथ्या दिवशी मी वडिलांची छत्री घेऊन गेले."

"पौषात?" मैथिली म्हणाली.

"ऐन पौषात. आई म्हणाली, खुळी आहेस का. मी म्हटलं, दव पडतं. मशीन एकच होतं, त्यामुळे रीळ संपलं की दिवा लावायचे. दिवा लागला तेव्हा ह्यांनी पाहिलं. मी छत्री मांडीवर उभी धरली होती, दिसावी म्हणून. आणि मग पुढचं रीळ लागलं तर हे गप्पच. माइक हातात, आणि एक अक्षर बोलवेना. लोक ओरडायला लागले, अरे, बोल की. पण नाही. शेवटची दोन रिळं गोष्टीशिवायच गेली."

कपिलला टेबलापुढे बसलेले अण्णा दिसले, हातात टोपी धरलेले.

"अण्णांना इंग्रजी येत होतं," तो म्हणाला. हे त्याने विचारलं नव्हतं, पण आईने उत्तर दिलं.

"मॅट्रिकला इंग्रजीत पहिले होते. समजायचं सगळं, पण बोलायची जीभ उचलायची नाही, त्याला काय करणार? तुझ्या प्रवेशाहून आले, तेव्हा दोन दिवस एकच चाललं होतं, पोरगा साहेबापुढे फाडफाड बोलला. येईल जाईल त्याला सांगत होते."

फाडफाड. कपिलला ते अडखळलेलं एकेक वाक्य आठवलं. तो उठून खिडकीपाशी गेला, कारण त्याला तोंड लपवायला तेवढी एकच जागा होती. तेवीस वर्षं तो बापाला मनातल्या मनात कमी लेखत आला होता, आणि बाप तेवीस वर्षांपूर्वीच त्याचं कौतुक करून मोकळा झाला होता. आता ही गोष्ट सांगायची कुणाला आणि माफी मागायची कुणाची? खाली झाडं उन्हात न हलता उभी होती.

"मग कराडचं स्थळ?" मैथिलीने विचारलं.

"मोडलं. वडील दीड वर्ष बोलले नाहीत माझ्याशी. तंबूवाल्याला मुलगी देणार नाही म्हणाले, तेव्हा ह्यांनी तंबू सोडला आणि बाजार समितीत चिकटले. त्यानंतर माइक काही हातात धरला नाही." आई म्हणाली. "मला त्याचं वाईट वाटायचं. आवाज फार चांगला होता."

मुक्ता इतका वेळ आजीच्या कुशीत गप्प होती. तिने मान वर केली.

"उंड हाट एस गेरेग्नेट?" तिने विचारलं.

कपिल वळला. आणि मग पाऊस पडला का, असं ती विचारतेय, हे सांगायला त्याने तोंड उघडलं.

"नाही गं," आई म्हणाली. "पौषात कुठला पाऊस? चांगलं टिपूर चांदणं होतं."

कपिलने तोंड मिटलं.

उरलेला चित्रपट त्यांनी अक्षरांसकट पाहिला. आवाज मोठा केला. मुक्ता जर्मनमध्ये वाचून दाखवत होती आणि आई म्हातारा शिंकला की हसत होती, सगळ्यांच्या थोडं आधी, कारण तो कधी शिंकतो ते तिला ठाऊक होतं. शेवटी मुलगी नवरीच्या पोशाखात छत्री घेऊन चढली तेव्हा मात्र ती हसली नाही. तिने पदर सारखा केला आणि बस दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

चार वाजले होते. डोनाव नदीच्या काठाने चक्कर मारून येऊ, असं मैथिली म्हणाली. सगळे बूट घालू लागले. आभाळात ढगाचं नाव नव्हतं आणि समोरच्या इमारतीच्या गच्चीत कुणीतरी उन्हात खुर्च्या मांडत होतं. आई दारापाशी सँडलचा पट्टा लावत वाकली होती.

कपिलने खुंटीवरची छत्री काढली. मुठीचं लाकूड एका जागी अंगठ्याएवढं झिजून गुळगुळीत झालं होतं. ती त्याने आईच्या हातात दिली आणि दार उघडून धरलं.